उंचीच्या जोरावर जिंकलेला संघ

डॉ. दिनकर वाळिंबे यांची आणि माझी पहिली भेट आमच्या ईडन प्रेरी गावातल्या एका बुटांच्या दुकानात झाली. माझा मुलगा ईशान तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि त्याच्या मापाचे बूट मुलांच्या विभागात मिळेनात. मी मराठीतून वैतागत होते. मागून एक शिडशिडीत, पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणाले, “पायांवर कशाला रागावता? ते त्यांच्या वेळेला वाढणारच. मोठ्यांच्या विभागात बघा.” मग त्यांनी ईशानला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “फुटबॉल खेळतो का हा?”

तो फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत असलेला नव्हे, हे पुढच्या शनिवारी कळलं. हा आयरिश लोकांचा गेलिक फुटबॉल. यात चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण थोड्या थोड्या पावलांनी तो जमिनीवर आपटावा लागतो, नाहीतर पायानं उडवून पुन्हा झेलावा लागतो. दोन खांबांमधून आडव्या दांडीच्या वरून मारला तर एक गुण, खालच्या जाळीत मारला तर तीन. मिरजेत शिकलेले आपले बालरोगतज्ज्ञ वाळिंबेकाका या भानगडीत कसे पडले? त्यांच्या क्लिनिकमधल्या आयरिश भागीदारांनी मुलांच्या जखमा बांधायला म्हणून त्यांना मैदानावर नेलं आणि काका तिथलेच झाले. त्या क्लबात आमच्याशिवाय मराठी बोलणारं कुणी नाही आणि आपल्या मराठी मंडळात हा खेळ पाहिलेलं दुसरं कुणी नाही. त्यांच्या दवाखान्यातल्या कामावर मंडळाच्या या वाढदिवस-गौरव अंकात पुष्कळ जण लिहीत आहेत. मैदानावरचे काका मात्र माझ्या वाट्याला आले आहेत.

बारा वर्षांखालच्या संघाचे ते प्रशिक्षक होते. ईशान बाकीच्यांपेक्षा डोकंभर उंच, ओठावर लव फुटलेली. चेंडू त्याच्याकडे द्यायचा आणि बाजूला व्हायचं, एवढाच आमचा डाव. तो पळत सुटला की समोरची पोरं आपोआप वाट द्यायची. त्या सीझनला आम्ही सगळं जिंकलो. मीही पार्किंग लॉटमध्ये कॉलर ताठ करून फिरत होते, का नाही फिरायचं?

पुढच्या वयोगटात मैदान मोठं झालं, चेंडू मोठा झाला आणि दोन उन्हाळ्यांत बाकीची मुलंही वाढली. ईशान जिथे होता तिथेच राहिला. आता त्याला तिघं घेरायची आणि चेंडू कुणाला द्यावा हे त्याला कळत नसे, कारण तशी वेळ पूर्वी कधी आलीच नव्हती. आणि आमच्या बाकीच्यांना चेंडू मिळाला तरी काय करायचं ते ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्यापर्यंत तो कधी पोचलाच नव्हता. मॅचमागून मॅच हरलो. मग मुलं गळायला लागली. एका शनिवारी ईशाननंही बूट गराजमध्ये टाकले ते टाकलेच.

पालकांची मीटिंग झाली. कुणी म्हणे मुलं आळशी झाली, कुणी म्हणे नशीब. काका शांतपणे उठले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “जन्मभर दवाखान्यात आयांना सांगत आलो, शेजारच्या मुलाशी उंची ताडून पाहू नका, प्रत्येक मूल आपापल्या वेळेला वाढतं. आणि इथे मैदानावर मीच उंची बघून संघ निवडला. जी मुलं लवकर वाढली त्यांच्या जिवावर जिंकलो आणि शिकवलं कुणालाच नाही. यापुढे माझ्या संघात सगळे सारखाच वेळ खेळतील, सगळ्या जागांवर खेळतील. आपण हरू. चालणार असेल तर मुलं पाठवा.”

चाललं नाही. आपण होऊन हरायला कोण मुलं पाठवतं? बहुतेकांनी आपली मुलं सॉकरला नाहीतर दुसऱ्या प्रशिक्षकाकडे नेली. त्याच हिवाळ्यात काकांच्या पत्नी सुनंदाकाकू वारल्या. दूर फ्रिस्कोला राहणारा त्यांचा मुलगा तिकडे चला म्हणून मागे लागला, पण काकांनी घर सोडलं नाही.

वसंत लागताच ते एकदा आमच्या घरी आले. ईशान जिन्यात उभा होता. काका त्याला म्हणाले, “मी तुझ्या उंचीवर जिंकलो, बाळा. तुला खेळ शिकवायचा राहूनच गेला. आय ॲम सॉरी.” ईशान म्हणाला, “इट्स फाइन,” आणि वर निघून गेला. मला भलताच राग आला. “काका, तुमच्यासारख्या माणसानं पोरासोरांची माफी मागायची?” ते चहा पीत म्हणाले, “मीनल, माफी मागून मोकळा होत नाहीये मी. शिकवायचं राहिलंय ते राहिलंयच. शनिवारी सकाळी मी तिथे असतो, एवढं त्याला सांग.”

आणि ते खरंच असायचे. ग्रॉसरीला जाताना मला ते लांबून दिसत. एवढ्या मोठ्या मैदानावर सरावाचे शंकू मांडलेले, चेंडूंची पिशवी पायाशी आणि काका एकटेच हातांची घडी घालून रस्त्याकडे बघत उभे. मी फोनवर विचारलं, “काका, आज कुणी आलं होतं?” म्हणाले, “वारा आला होता. चांगला खेळला.” स्वतःचं असं असताना, आमचे हे कामासाठी आठवडा आठवडा बाहेर असतात हे लक्षात ठेवून, बर्फ पडला की सकाळी त्यांचाच फोन यायचा: गाडी सुरू झाली का, दूध आहे का घरात? आम्ही मात्र त्यांना गणपतीत भेटलो की “काका, अजून तेच चालू?” एवढंच विचारून जेवणाच्या रांगेकडे वळायचो.

ईशान वर्षभर गेला नाही. तो घरात कुणाशीच बोलेनासा झाला होता; जेवण वरच्या खोलीत, दार बंद. लवकर मोठं दिसणाऱ्या मुलाला सगळे मोठंच समजतात. त्याला मित्र उरले नव्हते हे मला उशिरा कळलं. एका शनिवारी तो खाली आला आणि म्हणाला, “कॅन यू ड्रॉप मी?” कुठे ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मैदानाजवळ गाडी थांबवून मी आतच बसून राहिले. काका ईशानला डाव्या पायानं मारायला लावत होते आणि चेंडू भलतीकडे जात होता. मग काका लांब जाऊन उभे राहिले. ईशान पळत आला, थांबला, मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि चेंडू त्यांच्या हातात दिला. एवढे चषक जिंकलेल्या माझ्या मुलाला मी पहिल्यांदाच चेंडू दुसऱ्याला देताना पाहत होते. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले.

संघ काही पुन्हा उभा राहिला नाही. तेवढी मुलंच जमली नाहीत. पण ईशान कॉलेजला जाईपर्यंत एकही शनिवार चुकला नाही. तो गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा शंकू मांडायला मी जाऊ लागले. कधी चार मुलं येतात, कधी एकही नाही. शेजारच्या मैदानावर बारा वर्षांखालचा नवा संघ जिंकत असतो. त्यातल्या सगळ्यांत उंच मुलाला काका नावानं ओळखतात. तो कधी ना कधी आपल्याकडे येईल म्हणून त्यांनी थोडे मोठ्या मापाचे बूट आणून ठेवले आहेत.

अशा प्रसंगी शतायुषी व्हा म्हणतात. काकांना तेवढं आयुष्य आणि ते पळत काढण्याइतके धड गुडघे लाभोत. पण एकट्याला लाभलेली शंभर वर्षं किती रिकामी असतात, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून मंडळाच्या वाचकांनो, माझं मागणं तुमच्याकडे आहे. तुमचं मूल उंच असो, बुटकं असो, हरणारं असो. एखाद्या शनिवारी घेऊन या. काकांनी टाकलेला चेंडू परत टाकायला समोर कुणीतरी असू द्या.