चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेली डिस्क

डिस्क माळ्यावरून काढली तेव्हा हाताला चटका बसला. चुलीच्या वरच्या बांबूच्या माळ्यावर मीच ती फडक्यात बांधून ठेवली होती. सुनेनं ती शाळेतल्या बाईंच्या लॅपटॉपला जोडली. आतून टकटक आवाज आला, मग तोही थांबला. घरचा कॉम्प्युटर आठवड्यापूर्वीच विजा कडाडताना बंद पडला होता. म्हणजे दोन्हीकडचं गेलं.

गेलं ते पाच बायांचं बोलणं. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथं कुणाचं घर कुठं होतं, कुणाची कुणाशी पाण्यावरून भांडणं होती, हे सुनेनं आम्हा पाच म्हाताऱ्यांना बसवून मोबाईलवर भरून घेतलं होतं. मोबाईल भरला की ती ते कॉम्प्युटरवर टाकायची आणि त्याची नक्कल या डिस्कवर. पाचांतल्या दोघी तोवर वारल्या होत्या. त्यांना पुन्हा कोण विचारणार?

"आत्याबाई, चुलीवर कशाला ठेवली?"

"हिर्डोशीचा पाऊस हाय. बुरशी धरंल म्हणून. बियाणं तितंच ठिवतो न्हवं?"

"बियाण्यात मोटर नसती, आत्याबाई."

एवढंच बोलली. मी तिच्या जागी असते तर वर्षभर ऐकवलं असतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा घोंगडीत गुंडाळून आम्ही एसटीनं भोरला गेलो. दुकानदारानं डबा उघडला. जळला होता तो फक्त वीज पुरवणारा भाग, आतली डिस्क शाबूत होती. त्यानं ती त्याच्या कॉम्प्युटरला जोडून ऐकवली, तर पाचही जणी बोलत होत्या. माझाच आवाज सगळ्यात कर्कश होता.

मग दुकानदारानं एक पेटी दाखवली. ती घरच्या वायफायला जोडायची, दोन डिस्क आत, सगळ्या मोबाईलवरचं आपोआप साठवते.

"लाईट गेली की?" सुनेनं विचारलं.

"बंद. पण दोन डिस्क आहेत ना, एक गेली तर दुसरी."

"दोन्ही एकाच पेटीत. म्हणजे वीज पडली तर दोन्ही गेल्या."

दुकानदार माझ्याकडं बघून हसला. "आजी, सून लई चौकस हाय."

"माझ्यावर न्हाई गेली," मी म्हटलं.

तिनं पेटी नाकारली आणि दोन सुट्या डिस्क घेतल्या, आत फिरती चकती नसलेल्या. एक घरात राहील, कामापुरती जोडायची आणि काढून ठेवायची. दुसरी तिच्या माहेरी, मार्गासनीला. सणाला माहेरी जाईल तेव्हा अदलाबदल करायची. मी विचारलं, एवढ्या लांब कशाला?

"तुमीच सांगितलंय की. घर पेटलं तर म्हणून अर्धं बियाणं भावकीत ठेवायचा तुमी."

खरं होतं. चुलीच्या धुराचं माझ्या लक्षात राहिलं आणि अर्ध्याचं मी विसरले. मी चौथी शिकलेली, ती पंधरावी. पण हे तिला कॉलेजनं शिकवलं नव्हतं. माझं ऐकलेलं तिनं माझ्यापेक्षा नीट वापरलं. सुनेचं कौतुक करायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून इथं लिहिते.

त्याला आता काही वर्षं झाली. डिस्क दर सणाला इकडून तिकडं जातात आणि दोन्हींवर सगळं बोलणं आहे. बोलणाऱ्या पाचांतली आता मी एकटीच जिवंत आहे.