मंदाताई फाळके यांच्या स्प्रिंगा

उत्तरेतल्या शिंदे की छावनीत मंदाताई फाळके यांचं घर विचारलंत, तर लोक आधी 'स्प्रिंगवाल्या ना?' असं विचारतील. नवऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेलेल्या, आणि ही बाई मोटारीच्या स्प्रिंगा रंगवते! नातलगांनी पुष्कळ नाकं मुरडली. मंदाताईंनी घरामागच्या शेडमध्ये भट्टी बसवली आणि त्या नाकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

स्प्रिंग रंगवणं म्हणजे फाटक रंगवणं नव्हे. फाटक एका जागी उभं असतं. स्प्रिंग प्रत्येक खड्ड्यात दबते आणि उसळते. साधा रंग तिच्याबरोबर वाकत नाही, तडकतो. मग पाणी आत शिरतं, गंज चढतो आणि एक दिवस स्प्रिंगच मोडते. मंदाताई वाळूच्या माऱ्याने लोखंड उघडं करत, त्यावर जस्ताचा थर देत, वर लवचीक रंगाची पावडर मारत आणि भट्टीत भाजत. हा मेळ जमायला त्यांना तीन वर्षं लागली.

अखेर मालनपूरच्या एका स्प्रिंगांच्या कारखान्याने सहा रंगवलेले नमुने मागवले. पास झाले तर कारखान्याचं सगळं काम, नाहीतर शेडला कुलूप, असं मंदाताईंनी घरात स्वच्छ सांगून टाकलं होतं.

काही आठवड्यांनी कारखान्याचे तपासनीस दौलतसिंह तोमर स्वतः नमुने परत घेऊन आले. मशीनवर हजारो वेळा दाबून, मग मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवलेल्या सहाही स्प्रिंगांवर रंगाचे पापुद्रे सुटले होते.

"माफ कीजिए मंदाजी. फेल."

मंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची मुलगी सोनिका मात्र एकेक स्प्रिंग फिरवून बघत होती.

"आई, बघ ना, बाकी तर सब ठीक आहे. फक्त वरच्या वेढ्यावर निघालंय. आणि सगळ्यांवर एकाच जागी!"

पापुद्रा दोन बोटं रुंद होता. मंदाताईंनी आपली दोन बोटं तिथे टेकवली. बरोब्बर बसली.

खंडेनवमी! त्या दिवशी फाळक्यांकडे तलवारीपासून विळीपर्यंत प्रत्येक लोखंडाला तेलाची बोटं लागतात. रंगासाठी साफ करून ठेवलेल्या या सहा स्प्रिंगाही लोखंडच. मंदाताईंनी मनोभावे त्यांनाही बोटं लावली, दुसऱ्या दिवशी वरवर पुसलं आणि रंग चढवला. तेलावर कधी रंग धरतो? हे अख्ख्या गल्लीला शिकवणारी बाई, आणि सणाच्या गडबडीत तिलाच विसर!

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती.

"गलती मेरी है, दौलतसिंहजी," मंदाताई म्हणाल्या. "पूजा में तेल मैंने ही लगाया. लेकिन जहाँ तेल नहीं लगा, वहाँ खुरचकर दिखाइए." आणि त्यांनी तोमरांच्या हातात खिळा दिला.

तोमरांनी घाम येईपर्यंत खरवडलं. रंग हलला नाही.

"छह और बनाइए," ते म्हणाले. "बिना पूजा के."

"बनाती हूँ. और मशीन दुगुनी चलाइएगा."

सोनिकाने कपाळावर हात मारला. मीही तिथे असतो तर मारला असता. स्वतःहून कोणी दुप्पट परीक्षा मागतं का? पण मंदाताईंचा आपल्या रंगावर तेवढा विश्वास होता.

नवे सहा नमुने गेले. महिन्याभराने भर दुपारी तोमरांचा फोन आला. आवाज गंभीर होता.

"मंदाजी, एक स्प्रिंग टूट गई."

"आणि रंग?" घाबरून मंदाताई मराठीतच बोलल्या.

"लोहा थक गया, जी. दोनों टुकड़ों पर रंग वैसा का वैसा है." आता तोमर मोठ्याने हसत होते. "भट्टी गरम कीजिए. स्प्रिंगें लेकर ट्रक निकल चुका है."