सेक्रेटरींचं झालेलं ऑपरेशन

खोटं बोलून इतक्या लोकांना दृष्टी मिळवून देणारा माणूस आमच्या क्लबच्या सेक्रेटरींखेरीज पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसावा. हे मी कौतुकाने म्हणतो आहे. ते खोटं काय होतं तेही सांगणार आहे, पण आधी माणूस कळायला हवा, नाहीतर त्याचं खोटं नुसतं खोटंच वाटेल.

आमच्या कारंजा लाडला एक सेवा क्लब आहे. असे क्लब गावोगाव असतात. महिन्यातून दोनदा सभा, अध्यक्षांच्या गळ्यात बिल्ल्यांची माळ, टेबलावर पितळी घंटा, हिवाळ्यात नेत्रशिबिर, मध्ये कधीतरी रक्तदान, उन्हाळ्यात स्टँडवर पाणपोई, आणि प्रत्येक कामानंतर फोटो. माझं बाजारात कापडाचं दुकान आहे. मी क्लबात गेलो तो समाजसेवेसाठी नव्हे, रोडग्यांसाठी. थंडी पडली की कोणाच्या तरी शेतावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजायचे आणि वांग्याची भाजी, वरण आणि तुपाची धार घेऊन झाडाखाली पंगत बसवायची, हा आमच्या क्लबचा खरा कणा. अध्यक्ष दरवर्षी बदलतात. सेक्रेटरी मात्र मी आलो तेव्हापासून तेच आहेत. त्यांचीही निवडणूक होते, म्हणजे नवे अध्यक्ष विचारतात, "सेक्रेटरी कोण?" आणि सगळे त्यांच्याकडे बघतात. त्यांना नाव आहे, आडनाव आहे, पण गावात ते कोणी वापरत नाही. घरी गेलं तर वहिनीसुद्धा सांगतात, "बसा, सेक्रेटरी आंग धून राह्यले."

नोकरीत असताना ते एसटी स्टँडवर नियंत्रक होते. खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारण्यात त्यांची सारी उमर गेली, त्यामुळे त्यांच्याजवळ दोन भाषा आहेत. तोंडाने बोलतात ती वऱ्हाडी, आणि माईक हातात आला की थेट महामंडळाची. "सदस्यांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. स्वयंपाकी उशिरा आल्यामुळे जेवण आपल्या नियोजित वेळेपेक्षा अर्धा तास विलंबाने सुटेल." एकदा एका पाहुण्यांचं भाषण काही केल्या आवरेना, तेव्हा सेक्रेटरींनी शांतपणे दुसरा माईक उचलला आणि सांगितलं, "व्यासपीठावर उभे असलेले भाषण सुटण्याच्या तयारीत आहे." पाहुणे खाली बसले आणि वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. सभा चालू असताना खिडकीबाहेर एखादी गाडी गेली की हे मान न वळवता पुटपुटतात, "मंगरूळपीर. आज लेट हाये." गाडी न बघता नुसत्या आवाजावरून ती ओळखण्याचा हा गुण त्यांना पुढे भलत्याच कामी आला, ते सांगतोच.

सभागृहातल्या खुर्च्या ते स्वतः मांडतात. सदस्य असतील त्याहून एक रांग कायम जास्त, मागे. आमच्या क्लबात नवा माणूस येऊन बराच काळ लोटला आहे. पोरं पुण्याला गेली, जी इथे आहेत ती मोबाइलमध्ये आहेत. मी एकदा म्हटलं, "सेक्रेटरी, ती मागची रांग कशाला मांडता? उगाच उचलायची मेहनत." ते म्हणाले, "गाडीत जागा दिसली तरच पॅसेंजर चढते, शेटजी. भरेल गाडी पाहून लोक घरी वापस जातेत." मीही खुर्च्या उचलायला लागलो.

एवढा उत्साही माणूस, पण सुईला भितो. म्हणजे किती भितो? रक्तदान शिबिराचा सगळा बंदोबस्त त्यांचा, खाटांपासून केळ्यांपर्यंत, आणि दिवसभर ते खाटांकडे पाठ करून बिस्किटांच्या टेबलाशी उभे. "तुम्ही कधी देणार रक्त?" असं विचारलं तर म्हणतात, "मी झोपलो त बिस्किटं कोन वाटन?" गेली कित्येक वर्षं बिस्किटांनी त्यांचं रक्त वाचवलं आहे.

आणि याच माणसाकडे नेत्रशिबिराचं सर्वांत अवघड काम होतं. तपासणीला लोक हौसेने येतात. डॉक्टर मोतीबिंदू सांगतात, ज्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं त्याच्या वर कपाळाला चिकटपट्टीचा तुकडा लावतात आणि बाहेर अकोल्याच्या धर्मादाय दवाखान्यात न्यायला बस उभी असते. तिथे सगळं अडतं. कोणाला सोयाबीन आठवतं, कोणाला बकरी, कोणाची सून नेमकी त्याच आठवड्यात बाळंत होणार असते. खरं कारण एकच, भीती. एका वर्षी कामरगावच्या शेवंताबाई लिंबाखाली बसल्या त्या बसल्या. अंगाने काटकुळ्या, बोलायला धारदार. "मी नाई येत. डोयाले चाकू लावतेत म्हंते." त्या उठेनात म्हणून त्यांच्या गावचं कोणीच उठेना. तेव्हा सेक्रेटरी त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"जय भीम, मावशी. माह्या डोयाकडे पाहा. माह्ये दोन्ही डोये केले हायेत. काईच मालूम नाई पडत. मुंगी चावल्यावानी बी नाई."

मी मागे उभा होतो. मला ठाऊक होतं की या माणसाने डोळ्यात थेंबसुद्धा कधी घालून घेतलेला नाही. शेवंताबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग पिशवी उचलली आणि बसमध्ये जाऊन बसल्या. त्यांच्यामागे कामरगाव चढलं.

तेव्हापासून सेक्रेटरींचं ऑपरेशन दरवर्षी व्हायला लागलं. कधी उजव्या डोळ्याचं आधी झालं, कधी डाव्याचं. एका वर्षी ऑपरेशन चालू असताना त्यांना झोप लागली, पुढच्या वर्षी ते घोरायला लागले आणि डॉक्टरांना त्यांना उठवावं लागलं. खेड्यापाड्यांत ही कीर्ती पसरली आणि शेवटी भाजीवालीमार्फत घरी पोचली. वहिनींनी भर सभेच्या दिवशी दारात विचारलं, "अजी, तुमचे डोये कवा केले? मी माहेरी गेल्ती तवा काय?"

आम्ही हसत राहिलो. क्लबात हसायला फार वेळ असतो. पण मग हळूहळू काही गोष्टी घडायला लागल्या. पदग्रहणाच्या कार्यक्रमात सेक्रेटरींनी मोठ्या अदबीने हार घातला तो पाहुण्यांना नाही, त्यांच्या ड्रायव्हरला. पाणपोईवर ते तांब्याने पाणी ओतायचे ते निम्मं पेल्यात, निम्मं पिणाऱ्याच्या चपलांवर. एका दुपारी माझ्या दुकानासमोर त्यांनी मोपेड थांबवली आणि कितीतरी वेळ हॉर्न वाजवत बसले. मी बाहेर आलो तर म्हणाले, "कोनाची म्हैस हाये ही? हलून नाई राह्यली." समोर सरकीची पोती होती. माणसं ते आता आवाजावरून ओळखत होते, जशा गाड्या ओळखायचे. म्हणून आम्हाला कळायला इतका उशीर झाला.

मी त्यांना दुकानात बसवलं, चहा मागवला आणि म्हटलं, "सेक्रेटरी, मोतीबिंदू पिकला आहे. यंदाच्या शिबिरात ऑपरेशन करून घ्या."

"माह्यं झालेलं हाये ना," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत. पण चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"साऱ्या तालुक्याले मालूम हाये माह्यं झालं म्हनून. आता पुन्हा कसं करू?"

"मग शिबिरात नका करू. गुपचूप अकोल्याला जाऊन या. मी येतो सोबत."

ते बशीतला चहा तसाच धरून बसले. "लपून करू? अन् दुसऱ्याइले म्हनू, शिबिरात या, भेऊ नोका? आन एकानं जरी पाह्यलं, त पुढच्या साली बसमधी कोन बसन, शेटजी? लोक ऑपरेशनवर नाई, माह्या बोलन्यावर चढतेत." मग अगदी हळू, "आन भेव बी लागते."

शिबिराच्या डॉक्टरांनी मागच्याच वर्षी त्यांचा डोळा जाता-जाता पाहिला होता आणि आणखी थांबाल तर नजर वाचवणं कठीण जाईल असं बजावलं होतं, हेही त्या दिवशी कळलं. वर्षभर ते एकट्याने पोटात घेऊन हा माणूस खुर्च्या मांडत होता. मला रागही आला आणि वाईटही वाटलं, आणि दोन्ही न दाखवता मी त्यांना मोपेडऐवजी पायी घरी पोचवून आलो.

या हिवाळ्यात शिबिर झालं. शेवंताबाई दुसऱ्या डोळ्यासाठी आल्या होत्या. कपाळाला चिकटपट्टी, हातात तीच पिशवी. सेक्रेटरी माईकवर होते. "अकोल्याकडे जाणाऱ्या रुग्णांनी कृपया आपापल्या जागेवर बसून घ्यावे." मग सवयीप्रमाणे ते एकेकाला हात देऊन बसमध्ये चढवू लागले. शेवंताबाईंचा हात धरला, त्यांच्यासोबत पाय उचलला आणि स्वतःचीच पायरी चुकली. पडलेच असते, पण म्हातारीने दांडा पकडून दुसऱ्या हाताने त्यांना धरलं. आणि तसंच धरून ठेवून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"सेक्रेटरीभाऊ, तुमाले दिसत नाई."

बसमधल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "त्याइचं त झालं होतं ना?"

सेक्रेटरी दारात उभे होते. माईक बाहेर टेबलावर राहिला होता. आयुष्यात प्रथमच त्यांच्याजवळ पुकारायला काही नव्हतं. मी खाली उभा राहून देवाला म्हणत होतो की आता ही माणसं उतरू नयेत.

"नाई झालं," ते म्हणाले. "खोटं बोललो मी. दरसाली बोललो."

"मले मालूम होतं," शेवंताबाई म्हणाल्या. "तवाच मालूम पडलं. लिंबाखाली तुमी सांगत होते, काई होत नाई, काई होत नाई, आन हात थरथर करून राह्यले होते. ज्याचं झालं, त्याचे हात कायले थरथरतीन?"

"मंग तुमी आल्या कायले, मावशी?"

"तुमच्यासाठी आली. म्हनलं, हा मानूस आपल्यापक्षा जास्त भेऊन राह्यला. मी नाई गेली त रडन बिचारा." मग त्या पिशवी मांडीवर घेऊन खिडकीकडे सरकल्या आणि शेजारच्या सीटवर हात थोपटला. "बसा आता. मी हाये बाजूले."

कोणी उतरलं नाही. उलट मागे एकजण फसकन हसला आणि मग सगळी बस हसली, सेक्रेटरीसुद्धा. डॉक्टरांचा मदतनीस धावत येऊन त्यांच्या कपाळाला चिकटपट्टी लावून गेला. बस निघताना आतून त्यांचा आवाज आला, "जाऊ द्या."

मी बसच्या मागोमाग दवाखान्यात पोचलो. ऑपरेशनच्या खोलीबाहेर ते दोघं बाकावर बसले होते, आणि एसटीच्या खिडकीतून सारा तालुका हलवणारा हा माणूस म्हातारीचं बोट धरून होता. "मावशी, खरं सांगा. दुखते काय?"

"दुखत त नाई. पन भेव लागते. तेवढं तुमी कवा सांगतलंच नाई."

दोघांचीही ऑपरेशनं नीट झाली. पट्टी निघाल्यावर सेक्रेटरी काळा चष्मा लावून पहिल्यांदा सभेला आले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी खुर्च्या मीच मांडल्या होत्या, त्यांच्या पद्धतीने, मागच्या रांगेसकट. त्यांनी चष्मा काढला आणि आमच्या प्रत्येकाकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं. अध्यक्षांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "शेटजी, तुमचे केस कवा पांढरे झाले?"

"तुमचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा," मी म्हटलं. सगळे हसले, पण ते हसले नाहीत. त्यांची नजर आमच्या डोक्यांवरून मागे गेली होती.

"मांगं कोनी नाई?"

आम्ही सगळ्यांनी वळून मागे पाहिलं.

"मले त वाटे, भरेल हाये. दोन सालापासून मांगच्याइले आवाज गेला पायजे म्हनून मी जोरात बोलून राह्यलो."

धूसर डोळ्यांना त्या काळ्या पाठीच्या खुर्च्या माणसांसारख्या दिसत असतील, हे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नव्हतं. अध्यक्षांनी घंटेवर हात ठेवला आणि उचलून घेतला. मला वाटलं, पुढच्या सभेपासून ती रांग मांडायची नाही असं सेक्रेटरी सांगतील, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. इतकी वर्षं मी रोडग्यांसाठी येतो असं सांगत आलो, पण मी येत होतो तो या माणसाने मांडलेल्या खुर्चीवर बसायला.

सेक्रेटरींनी माईक उचलला. "सदस्यांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," ते म्हणाले आणि थांबले. माईक खाली ठेवला. नुसत्या तोंडाने, अगदी घरच्यासारखं म्हणाले, "थोडं थोडं समोर सरका गड्याहो. तुमी जवळून कसे दिसता, ते पाहू द्या."

आम्ही आपापल्या खुर्च्या उचलून त्यांच्याभोवती सरकलो. मागची रांग होती तिथेच राहू दिली.