गोल गेलो तर जावंदे

सामन्याआधी सर गोलरेषेवर नारळ ठेवायचे, टोपी काढायचे आणि गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा म्हाराजा, गोल गेलो तर जावंदे, गुडघो जावक नको. दोनय बाजूची पोरां धड घराक पोचंदेत रे म्हाराजा!" आम्ही ओरडायचो, "व्हय म्हाराजा!"

आणि मग हरायचो. देव मागितलं तेवढंच द्यायचा. गाऱ्हाणं तुम्ही जत्रेत ऐकलं असेल. आमच्या कॉलेजात ते फुटबॉललाही लागायचं.

आमच्या संघाचा इतिहास म्हणजे पराभवांचा इतिहास, आणि मी त्याचा गोलकीपर. पळालो की मला धाप लागायची, म्हणून सरांनी उभं राहायचं काम दिलं. तेही जमत नसे. चेंडू डावीकडे आला की मी उजवीकडे झेप घ्यायचो, आणि तीही अगदी ऐटीत.

सर आमचे क्रीडाशिक्षक. तरुणपणी खेळताना गुडघा गेला, तेव्हापासून लंगडायचे. "सर, कधीतरी जिकूक मागा," म्हटलं की म्हणायचे, "जिकाचा ता तुमी बघा. देवाक कित्याक मधी घालतास?"

त्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. एकही विजय न बघता हा माणूस घरी जाणार, याची आम्हाला मनापासून लाज वाटत होती. आचऱ्याच्या मैदानावर शेवटचा सामना. गाऱ्हाणं संपता संपता मी मध्येच घुसवलं, "आणि आज जिकव रे म्हाराजा!" अख्खा संघ गरजला, "व्हय म्हाराजा!" सरांनी डोळे वटारले, पण तोवर नारळ फुटला होता.

समोरच्या एका खेळाडूने चुकून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारला. आम्ही पुढे! अगदी शेवटी त्यांचा जोरदार फटका आला. मी सवयीने चुकीच्या बाजूला निघालो, पाय घसरला आणि चेंडू सरळ नाकावर बसला. गोल वाचला. नाक मोडलं.

पोरं नाचत होती. सर लंगडत धावत आले आणि माझ्या नाकाला रुमाल दाबून खाली बसले.

"सर, जिकलो आपण!"

"जिकलो रे झिला. पण तुझ्या आवशीक आता काय सांगू मी?" म्हणाले, आणि रडायला लागले.

निवृत्तीनंतरही कित्येक वर्षं गाऱ्हाणं त्यांचंच असायचं, आणि कॉलेज सुटलं तरी मी ते ऐकायला जायचो. यंदा सर वारले. पुढच्या सामन्याला पोरांनी नारळ माझ्या हातात दिला, कारण संघाचा एकमेव विजय माझ्या वाकड्या नाकावर आहे. "काका, जिकूक मागा हां," त्यांनी बजावलं. मीही तेच मागणार होतो. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "गोल गेलो तर जावंदे..." पुढचं कसंबसं पूर्ण केलं. पोरांनी चडफडत "व्हय म्हाराजा" म्हटलं.

सामना हरलो. सगळी पोरं आपापल्या पायांनी घरी गेली, आणि ते सांगायला मी सरांना फोन लावायला निघालो होतो.