नारिंगी रबराचा वास

मी तेव्हा बंगळूरला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फिल्टर बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होते. बाहेरून आलेला कच्चा माल तपासायचा, ठीक असला की कागदावर सही करायची, मग तो माल लाइनवर जायचा. राहायला राजाजीनगरात, नवरा आयटीत. माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं तर मी सांगायचे, गाडीच्या तेलाची गाळणी बनवते. पुढचं ऐकायला सहसा कुणी थांबत नसे.

त्या वर्षी आम्ही सिंथेटिक ऑइलसाठी नवा फिल्टर काढला होता. साध्या फिल्टरच्या डब्यात लाकडाच्या लगद्याचा, घड्या घातलेला कागद असतो. आमच्या नव्यात काचेचे आणि पॉलिएस्टरचे बारीक तंतू होते, त्यांना मागून तारेच्या जाळीचा आधार. हे तेल जास्त दिवस चालतं, म्हणून गाळणीही तितके दिवस टिकायला हवी. शिवाय आत रबराची एक चकती. इंजिन बंद झालं की ती डब्याची, तेल आत येण्याची भोकं मिटून घेते आणि तेल फिल्टरमध्येच राहतं. चकती ताठरली की तेल खाली उतरतं, आणि सकाळी गाडी सुरू करताना इंजिन क्षणभर कोरडंच फिरतं. तेव्हा जो खडखडाट होतो, तो मेकॅनिकला लगेच कळतो. साध्या फिल्टरला नायट्राइल रबर वापरतात, ते उष्णतेनं हळूहळू कडक होतं. आम्ही सिलिकॉन वापरत होतो. ते मऊ राहतं. आमच्या चकतीचा रंग नारिंगी.

एका शुक्रवारी दुपारी चकत्यांची नवी खेप आली. लाइन तिच्यासाठीच थांबली होती. मी माप घेतलं, कडकपणा बघितला, रंग बघितला, पुरवठादाराचं प्रमाणपत्र जोडलेलं होतं, सही केली. पेट्या लाइनवर गेल्या आणि पाच मिनिटांत अक्कांनी मला हाक मारली.

अक्का म्हणजे चकती बसवणारी आमची सगळ्यात जुनी बाई. मूळच्या सीमेवरच्या अथणीकडच्या, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायच्या.

"मॅडम, हे नेहमीचं नव्हं वो. वास येतोय बघा."

"कसला वास?"

"सायकलच्या ट्यूबचा. आपल्या नारिंगीला वास नसतोय."

मी एक चकती नाकाशी धरली. मला सर्दी झाली होती, काहीच कळलं नाही. मागे सुपरवायझर घड्याळ बघत उभा होता.

"नवी पेटी आहे अक्का, पॅकिंगचा असेल. सर्टिफिकेट आहे त्याचं."

"सरी, बरं," एवढंच म्हणून त्या कामाला लागल्या. ती चकती मी एप्रनच्या खिशात टाकली, घरी जाताना पर्समध्ये.

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी आमच्या गल्लीतल्या गाड्या एकेक सुरू व्हायला लागल्या आणि मी गॅलरीत उभी राहून ऐकत राहिले. समोरच्यांची गाडी खडखडली का? शेजाऱ्यांची? नवऱ्यानं दोनदा चहाला बोलावलं. दुपारी मी कपाट आवरायला काढलं आणि अर्धवट सोडलं. काय झालंय ते मला नीट सांगता येत नव्हतं. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. मी काही चुकीचं केलं नव्हतं, आणि हेच मी दिवसभर स्वतःला सांगत होते.

रविवारी आईला साड्या घ्यायला चिकपेटला नेलं. आई कोल्हापूरहून आठवड्यापुरती आली होती. दुकानात ती पदर उलगडून दाखवत होती आणि माझी बोटं पर्समध्ये त्या चकतीशी चाळा करत होती.

"तू साड्या बघतेयस की पर्स?" आई म्हणाली.

बाहेर पडल्यावर पुढच्या गल्लीत कुकरच्या गॅस्केटांचं, रबरी नळ्यांचं एक दुकान दिसलं. मी आईला थांबवलं आणि चकती दुकानदारापुढे ठेवली. हे सिलिकॉन आहे का, एवढंच विचारलं. म्हाताऱ्यानं ती हुंगली, कात्रीनं एक चीर कापली, चिमट्यात धरून काडी लावली. काळा धूर निघाला आणि काजळीचे तुकडे हवेत तरंगायला लागले. मग त्यानं स्वतःच्या दुकानातल्या सिलिकॉनच्या गॅस्केटची चीर पेटवली. तिचा धूर पांढुरका, आणि विझल्यावर चिमट्यात उरली ती पांढरी राख.

"इदु सिलिकॉन अल्ला, मॅडम. नोडी," तो म्हणाला, म्हणजे हे सिलिकॉन नाही, बघा. रबराला रंग कुठलाही देता येतो, हे त्यानं मग हिंदीत समजावलं. ते मला शिकवायची गरज नव्हती. माझं शिक्षणच त्यातलं.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. आमचे प्लांट हेड बनशंकरीला कुणाच्या तरी लग्नात होते, मागे नादस्वर वाजत होतं. "उद्या बघू," ते म्हणाले. पण ट्रक सोमवारी पहाटे निघणार होता. मी आईला म्हटलं, मी कारखान्यात जाते, तुला मेट्रोत बसवून देते. ती म्हणाली, "आणि तू एकटी जाणार? चल, मीही येते."

आई साडीची पिशवी मांडीवर घेऊन वॉचमनच्या केबिनमध्ये बसली. मी डिस्पॅचमधले तीन फिल्टर उचलून कापले. डबा एकदा बंद झाला की कापल्याशिवाय आत बघता येत नाही. तिन्हींतली चकती पेटवली, तिन्हींचा धूर काळा. मग प्रत्येक पेटीवर लाल लेबल लावलं. ते लेबल क्वालिटीशिवाय कुणी काढू शकत नाही, हा एकच अधिकार माझ्याकडे होता. शनिवारी एक छोटा टेम्पो आधीच गेला होता, हे तिथंच कळलं.

सोमवारी साहेब चिडले. "नायट्राइलवर निम्मं जग चालतंय. आणि जबाबदारी पुरवठादाराची आहे."

"सर, डब्यावर आपण सिलिकॉन छापलंय. आणि सही माझी आहे."

लाल लेबलांमुळे पहाटे अडलेला ट्रक त्यांनी अखेर रद्द केला. बाहेरच्या लॅबनं आठवड्यात तेच सांगितलं, आम्ही पुरवठादार बदलला, टेम्पोतला माल परत मागवला. त्यातल्या दोन पेट्या विकल्या गेल्या होत्या. त्या कधीच आल्या नाहीत.

पुढच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी अहवालात लिहिलं होतं, "शंका आल्याने तपासणी केली." शंका कुणाला आली, ते लिहिलं नव्हतं. टाळ्या वाजल्या. अक्का मागच्या रांगेत उभ्या होत्या, त्याही वाजवत होत्या. मी तोंड उघडलं नाही.

ट्रक थांबल्यावर जीव शांत व्हायला हवा होता. उलट जास्तच तगमग व्हायला लागली. जेवणाच्या सुट्टीत मी अक्कांसमोरून जायचं टाळू लागले. चौथ्या दिवशी मात्र त्यांच्या डब्याशेजारी जाऊन बसले.

"अक्का, ते तुम्ही ओळखलं होतं. मी तुमचं नाव लिहिलं नाही."

"मला ठाऊक हाय की. मी तिथंच होते," त्या म्हणाल्या आणि भाकरी मोडत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुम्ही ऐकलं न्हाई त्याचं वाईट वाटलं. नावाचं काय."

त्याच दुपारी मी अहवाल दुरुस्त केला आणि साहेबांना जाऊन सांगितलं की शुक्रवारीच मला सांगितलं गेलं होतं, मी ऐकलं नाही. आधी ते हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. आलेल्या मालाच्या तपासणीला अक्कांना द्या, अशी मागणीही मी केली आणि ती मान्य झाली. प्रत्येक खेपेतली एक चकती जाळून बघायचा नियम त्याच महिन्यात लागू झाला.

अक्कांना हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी पगाराचं किंवा पदाचं काही विचारलं नाही. बावीस वर्षं त्या लाइनवर उभ्या होत्या, पाय सुजायचे.

"तिथं बसायला मिळतंय का?" एवढंच त्यांनी विचारलं.

मिळालं. पाठ असलेली खुर्ची मी स्वतः स्टोअरमधून उचलून आणली.