हात कादंबरीप्रमाणे, पाय सिनेमाप्रमाणे

आमच्या केतकीचं लग्न मी झाडावर चढून जमवलं.

लोक पत्रिका जुळवतात, ओळखीपाळखी काढतात, जोडे झिजवतात. मी पोफळीवर चढलो. श्रीवर्धनात कोणालाही विचारा, हे खरं आहे असंच सांगतील. (आणखीही काही सांगतील, पण त्याकडे लक्ष देऊ नका.)

या सगळ्याच्या मुळाशी आहे 'पोफळीपल्याड' ही कादंबरी. तुम्ही ती वाचली नसेल तर आधी वाचून या, मी थांबतो! नाहीच वाचायची, तर थोडक्यात सांगतो. जयराम आणि केतकी यांच्या सुपारीच्या वाड्या शेजारी-शेजारी. घराण्यांत वैर. केतकीचा बाप जयरामला बजावतो, "माझ्या जमिनीला पाय लावलास तर तंगडं मोडीन!" जयराम जमिनीला पाय लावतच नाही! आमच्याकडे सुपारी काढणारा एकदा वर चढला की प्रत्येक झाडासाठी खाली उतरत बसत नाही. शेंडा झुलवत झुलवत शेजारची पोफळ पकडतो आणि वरच्या वर पलीकडे जातो. तसाच जयराम या पोफळीवरून त्या पोफळीवर झुलत थेट केतकीच्या पडवीच्या कौलांवर उतरतो. हे प्रकरण वाचताना माझे डोळे दर वेळी भरून येतात. मुलीचं नाव केतकी ठेवलं ते उगाच नाही. मुलगा झाला असता तर जयराम ठेवणार होतो. (तो झाला नाही, म्हणून कुत्र्याचं ठेवलं.)

आणि मग त्या कादंबरीवर सिनेमा आला.

नवाकोरा शर्ट घालून मी सहकुटुंब अलिबागला तो बघायला गेलो. मध्यंतरापर्यंत कसाबसा तग धरला. मध्यंतरानंतर जयराम झाडावर चढला. ते झाड पोफळ नव्हतं, माड होता! नारळाचा! जयराम वर अडकतो, "वाचवा" म्हणून ओरडतो, आणि केतकी पदर खोचून चढते आणि त्याला खाली आणते! मी खुर्चीतून उठून "हे मुळात नाही!" असं इतक्या जोरात ओरडलो की दिवे लावावे लागले. सौभाग्यवतींनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. समोसा हातातच राहिला.

तेव्हापासून सिनेमा आवडलेल्या माणसाशी माझं जमत नाही. केतकीला सांगून आलेलं एक चांगलं स्थळ मी याच कारणावरून घालवलं. मुलगा म्हणाला होता, "कादंबरी नाही वाचली, पण सिनेमा भारी आहे." मी त्याला पोह्यांची बशी अर्धी असतानाच निरोप दिला.

म्हणून मुरुडचं स्थळ यायच्या आदल्या दिवशी केतकी माझ्यासमोर येऊन बसली. ती पनवेलला नोकरी करते, मुरुडचा हा मुलगा, निनाद, तोही तिथेच. दोघांची ओळख आधीपासूनची. घरच्यांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

"बाबा, मला निनाद आवडतो. मनापासून. तुम्ही फक्त एक करा. सिनेमाचं नाव काढू नका."

"मी कशाला काढीन?"

"कादंबरीचंही नको."

"ही जबरदस्ती आहे!"

"बाबा!"

तिचा आवाज कापला तसा मी विरघळलो. एकुलती एक पोर माझी. म्हटलं, "शब्द दिला."

आगरदांड्याहून फेरीबोट धरून, दिघीला उतरून मंडळी वेळेवर आली. निनाद, त्याची आई आणि वडील तात्यासाहेब. सौभाग्यवतींनी घावन-घाटलं केलं होतं. मी हवापाण्यावर बोललो, बोटीच्या गर्दीवर बोललो, आंब्याच्या मोहरावर बोललो. केतकी माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होती की मला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. तेवढ्यात तात्यासाहेब हात धुवायला मागल्या दारी गेले आणि वाडी बघून तिथूनच ओरडले,

"अवो भाऊ! ही तर 'पोफळीपल्याड'मधली वाडी हाय!"

नाव मी काढलं नव्हतं. हे लक्षात घ्या!

"तुम्ही वाचलीत?" मी उडी मारूनच मागल्या दारी पोचलो.

"वाचायला कुठं सवड हाय? पिक्चर बघितला. दोनदा!"

केतकीनं कपाळावर हात मारलेला मला दिसला. मी दात ओठ खाऊन गप्प राहिलो. पण तात्यासाहेबांना गप्प राहायचं नव्हतं.

"आमचा निनाद सांगत होता, पुस्तकात म्हणं तो गडी वरच्या वर हिकडून तिकडं जातो. काहीतरीच! पिक्चरवाल्यांनी बरोबर दाखवलं. माणूस अडकणारच!"

"अडकणारच! माडावर चढवलाय त्याला! माड वाकतो का कधी? पोफळ वाकते!"

"पोफळ वाकली तरी सुपारी काढणारा जाईल. पिरमात पडलेला गडी न्हाय जायचा."

"जाईल!"

"न्हाय जायचा!"

"अवो, चहा घ्या ना," सौभाग्यवती मधे पडल्या. कोणी घेतला नाही.

"आता माझ्यासारखा, साठीला आलेला माणूससुद्धा जाईल!" मी म्हणालो. या वाक्याची काही गरज नव्हती. पण ते निघून गेलं होतं.

तात्यासाहेब हसले. नुसते हसले असते तर चाललं असतं. ते पोट धरून हसले. मी खांद्यावरचा पंचा पिळून त्याचा फास केला, पायांत अडकवला आणि जवळची पोफळ धरली. लहानपणी मी चढायचो, ही थाप नाही. पण लहानपणी माझ्याबरोबर हे पोट चढत नसे.

"अवो, उतरा! लेकीचं लगीन ठरायचं हाय!" खालून सौभाग्यवती.

"बाबा, प्लीज!" खालून केतकी.

"भौ! भौ!" खालून जयराम.

तरी मी शेंड्याजवळ पोचलो! वरून श्रीवर्धनचा समुद्र दिसत होता, फेसाची पांढरी रेघ दिसत होती आणि तात्यासाहेबांचं टक्कल दिसत होतं. मी अंग पुढे-मागे टाकत झोका घ्यायला सुरुवात केली. पोफळ वाकली! अगदी कादंबरीत लिहिलंय तशी! मी हात लांब केला आणि पलीकडची पोफळ गच्च धरली.

"बघा तात्यासाहेब! बघा!"

यानंतर जयराम पाय सोडतो, असं कादंबरीत स्पष्ट लिहिलेलं आहे. माझे पाय सुटेनात. फास खोडाला आवळला होता. हात एका पोफळीला, पाय दुसऱ्या पोफळीला आणि मधे मी, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा आडवा! दोन्ही झाडं आपापल्या जागी परत जायला बघत होती. मी दोघांच्या मधे ताणला जात होतो.

"वाचवा!" कोणीतरी ओरडलं. तो आवाज माझा होता.

तात्यासाहेबांचं हसू थांबलं. निनाद शिडी शोधायला धावला. आणि केतकीनं (माझ्या केतकीनं!) ओढणी कमरेला बांधली, चपला भिरकावल्या आणि पलीकडच्या पोफळीवर सरसर चढली. ही पोर वाडीतच वाढलेली, चढणं तिच्या अंगातच आहे. क्षणात तिचं तोंड माझ्या तोंडासमोर.

"बाबा, मी तुम्हाला धरलंय. पंचा झटकून पाय सोडा."

"पण कादंबरीत जयराम आधी..."

"बाबा! कादंबरी खाली राहिली! पाय सोडा!"

मी सोडले. ती झाडं सुटल्याचा आवाज अजून कानात आहे. आम्ही दोघं एकाच खोडाला धरून घसरत खाली आलो. मी जमिनीला पाय लावल्या लावल्या निनाद धावत आला आणि त्यानं शिडीऐवजी हाती लागलेली गोधडी माझ्याभोवती गुंडाळली. त्याच्या आईनं तोंड फिरवलं होतं. (त्याचं कारण शेवटी सांगतो.)

मला एकदम रडू आलं. पोरीनं एवढंच मागितलं होतं माझ्याकडे, आणि मी तेवढंही केलं नाही. केतकी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, पण तिचेही डोळे भरले होते. आता ही माणसं उठणार, बोट धरणार, संपलं सगळं.

तेव्हा निनादची आई, जिनं तोवर "साखर कमी घाला" यापलीकडे शब्द काढला नव्हता, भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली,

"आमाला हीच पोरगी पायजेल."

"अगं पण..." तात्यासाहेब.

"पण न्हाय नि काय न्हाय. आपल्या घरात दोन बाप्ये हायत. उद्या कुठं अडकले तर काढायचं कुनी? माझे गुडघे ऱ्हायलेत?"

केतकी आधी लाजली आणि मग इतकी मोठ्यानं हसली की जयरामही भुंकायला लागला. तात्यासाहेबांनी मला गोधडीसकट मिठी मारली.

"भाऊ, आता बोला! पिक्चरवाल्यांनी बरोबर दाखवलं का न्हाय?"

"दुसरी पोफळ मी धरली होती," मी म्हणालो. "हात कादंबरीप्रमाणे गेले."

"आनि पाय पिक्चरप्रमाणं अडकले!"

या तडजोडीवर सुपारी फुटली, तीही आमच्या वाडीतली. गप्पांत त्यांची बोट चुकली, मंडळी मुक्कामाला राहिली, आणि रात्री तात्यासाहेबांनी कादंबरी वाचायला मागून घेतली. कादंबरीच्या आजवरच्या इतिहासात एवढा मोठा विजय कोणी मिळवला नसेल!

लग्नात तात्यासाहेबांनी माईक हातात घेऊन सगळा प्रसंग मांडवाला ऐकवला. त्यांच्या सांगण्यात पोफळ दुप्पट उंच झाली होती, वारा सुटला होता आणि जयरामचा वाघासारखा अल्सेशियन झाला होता. सौभाग्यवती माझ्या कानाशी लागल्या, "अवो, असं कुठं झालं होतं? तुमी कसे गप बसलात? सांगा की मूळ काय ते!"

मी सांगितलं नाही. कारण मुळात मी पाय सोडले तेव्हा ते पंच्यातून निघाले, तसे पायजम्यातूनही निघाले. पायजमा पहिल्या पोफळीवरच राहिला आणि पुढे आठवडाभर साऱ्या आळीला दिसेल असा फडफडत होता. तात्यासाहेबांनी मात्र मांडवासमोर तो शेवटपर्यंत माझ्या अंगावर ठेवला. मूळ कथेत केलेला हा बदल अत्यंत कलात्मक आहे, असं माझं ठाम मत आहे!