दाराचे अकरा हजार

माझं पहिलं अंदाजपत्रक आक्कानं माझ्यासमोर टराटरा फाडलं. तुकडे वाळूच्या ढिगावर भिरकावले, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "आत ऱ्हानार कोन?"

मी तेव्हा नुकताच सिव्हिलचा डिप्लोमा करून घोडेगावात एका गाळ्यात टेबल टाकून बसलो होतो. बंगले बांधणारे लोक पुण्याहून आर्किटेक्ट आणत. माझ्याकडे येत ते घराच्या मागं, परसात एखादी खोली काढणारे. कुणाला भाडेकरू ठेवायचा असे, कुणाला लग्न झालेल्या धाकट्याची सोय करायची असे. त्या खोलीला किती खर्च येईल हे मी कागदावर मांडून द्यायचो. फाडलेला कागद तसाच एक होता आणि फाडणारी बाई त्या कामावरच्या बिगाऱ्यांची मुकादम होती.

"दहा बाय बाराची खोली आहे," मी चिडून म्हणालो. "कोणी का राहीना, विटा तेवढ्याच लागणार."

"म्हातारी ऱ्हानार आसंल तर संडास आत पायजे. उंबरा नको, पाय आडकून पडंल. भाडेकरू आसंल तर मीटर येगळा, वाट येगळी. तू निस्त्या इटा मोजल्यास, इंजनेर."

खोली घरमालकाच्या आईसाठी होती आणि त्या आईला काठीशिवाय चालता येत नव्हतं. हे मी विचारलंच नव्हतं. मी नवा कागद केला, आणि पुढची नऊ वर्षं तिला सोबत घेतल्याशिवाय एकही अंदाज दिला नाही.

तुम्हीही अशी बाई कुठल्या ना कुठल्या बांधकामावर पाहिली असेल. साडीवर पुरुषाचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, पायात दोन वेगळ्या जोड्यांमधल्या चपला. आक्काला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून ती जगालाच बहिरं समजून बोलायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. परसात शिरली की ती पावलं टाकायची, पहार घेऊन जमिनीत दोन-चार ठिकाणी मारायची आणि सांगायची, "तीन फुटावर मुरूम लागंल. सिमेंट सत्तर गोनी. एखादी उरंल." मी संध्याकाळपर्यंत कॅल्क्युलेटर बडवून एकोणसत्तरावर येत असे.

तिचा राग मात्र अंदाजात बसत नसे. ओळंब्यात नसलेली भिंत ती सांगून पाडायला लावत नसे, लाथ घालून पाडत असे. वीट तपासायची तर एक वीट दुसरीवर अशी आपटायची की भट्टीवाला दोन पावलं मागं सरकायचा. एकदा मंचरकडच्या कामावर एका ठेकेदारानं ठाकरवाडीच्या एका पोरीच्या कमरेला हात लावला. आक्काच्या डोक्यावर ओल्या काँक्रीटचं घमेलं होतं. तिनं ते जपून खाली उतरवलं, त्याच्या टकलावर पालथं केलं आणि मग रिकामं घमेलं त्याच्या कानशिलात हाणलं. तीन टाके पडले. "पानी द्या रं त्याला," ती म्हणाली, "सेट व्हईल न्हाईतर." आम्ही महिनाभर हसत होतो.

तो राग कुठून आला हे तिनं मला एकदाच सांगितलं. डिंभ्याच्या वर तिची वाडी. तिकडच्याच एका कामावर आम्ही धरणाच्या पाण्याकडं तोंड करून चहा पीत होतो. मी सहज कानाचं विचारलं.

"नवऱ्यानं मारलं," ती म्हणाली. "मी भावाकडं पळून आल्ते. त्यानं मागच्या अंगाला पत्र्याचं खोपाट करून दिलं. दाराला बांबूचा तट्ट्या बांधलेला. नवरा आला, एक लाथ घातली न् तट्ट्यासकट माझ्या अंगावर आला. कुऱ्हाड उलटी धरून तुंब्यानं मारलं. कान गेला. पोटात सातव्या महिन्याचं व्हतं, ते बी गेलं."

तिनं उरलेला चहा मातीत ओतला आणि उठली. "च्या गोड लई केला," एवढंच म्हणाली.

त्यानंतर दोन वर्षांनी पिंपरी पेंढारचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांची मुलगी मनीषा सासरहून परत आली होती. नवरा दारू पिऊन मारायचा. घरात सुनेची आणि तिची दाटी होते, म्हणून वडिलांना परसात तिच्यासाठी खोली काढायची होती. आम्ही जागा बघायला गेलो. आक्कानं पहार मारायच्या आधी नेहमीचा प्रश्न विचारला. वडिलांनी खाली मान घालून मुलीकडं बोट केलं. ती विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. पंचविशीची असेल. तिच्या गळ्यावर पिवळे पडत चाललेले वळ होते.

आक्कानं ते वळ नीट पाहिले. मग मला म्हणाली, "लिही. लोखंडी चौकट. दार जाड पत्र्याचं, मागनं अँगल मारलेलं. आतून आडसर. खिडकीला गज, आन् मागच्या अंगाला धाकलं दार, घरात निघनारं."

"एवढं कशाला, आक्का?" वडील म्हणाले. "बिबट्या फिरतो खरा, पण खिडकीला जाळी लावली की झालं."

"बिबट्या कोंबडी नेतो, पावणं. दाराला लाथ मानूस घालतो."

मी दोन्ही तऱ्हेनं हिशोब केला. आक्का म्हणत होती तसं दार आणि साधं, आतून पोकळ फ्लश डोअर यांत अकरा हजारांचा फरक पडत होता. कांद्याचे पैसे अडकले होते, वडील एकूण आकडा बघून उठायलाच निघाले. काम हातचं जाऊ नये म्हणून मी पेन घेतलं, दाराच्या ओळीवर काट मारली आणि साधं दार लिहिलं. आक्काला सांगितलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, हे त्या दिवशी माझ्या सोयीचं झालं.

दार बसलं त्या दिवशी तिनं ते हातानं ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच ती काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, लाद्यांचं काम बघायला मी गेलो. घरातली माणसं मागचं धाकटं दार घराच्या बाजूनं बंद करून शेतात गेली होती. मनीषा आधीच त्या खोलीत राहायला लागली होती, आत शिलाई मशीनचा आवाज येत होता. आक्का परसाच्या टोकाला माल कालवत होती. मी फाटकातून आत शिरणार, तोच मागून एक मोटारसायकल आली. तिच्यावरून मनीषाचा नवरा उतरला, मला ढकलून पुढं गेला आणि सरळ खोलीच्या दाराशी पोचला. आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

दुसऱ्या लाथेत दार फुटलं. मधून आरपार, खोकं फुटावं तसं.

त्यानं मनीषाला केसांना धरून ओढलं आणि तिचं तोंड ओट्याच्या कडाप्प्यावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसता हुंकार निघाला. मग त्यानं दाराशी पडलेली वीट उचलली. हे सगळं मी फाटकापासून बघत होतो. माझ्या हातात मोजायची टेप होती. मी पळालो नाही, पण पुढंही गेलो नाही. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली आहेत.

आक्का फावडं घेऊन आली. धावत नव्हती, झपाझप चालत होती. पहिला फटका तिनं वीट धरलेल्या मनगटावर मारला. वीट पडली. तो वळला, तिच्या अंगावर गेला, तेव्हा दुसरा गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला फाटकापर्यंत आला. तो खाली कोसळून आईच्या नावानं ओरडायला लागला. आणि मग, तो पडलेला असताना, तिनं तिसरा मारला. त्याच गुडघ्यावर, सगळं अंग टाकून. चौथ्यासाठी फावडं उचललं तेव्हा रक्तानं भरलेल्या तोंडाची मनीषा मधे आली आणि तिनं आक्काच्या कमरेला मिठी मारली.

आक्का सिमेंटच्या गोणीवर बसली. मनीषाचं डोकं मांडीवर घेऊन तिनं फडक्यानं तिचं तोंड पुसलं. दोन दात तिच्या तळहातावर आले. "इंजनेर," ती मला म्हणाली, "आता तरी हल. गाडी बोलीव. पोलीस बी बोलीव."

पोलिसांनी दोन्ही बाजूंच्या तक्रारी घेतल्या. आक्कावरचा गुन्हा मोठा होता, तो तिसऱ्या फटक्यामुळं. साक्षीदार म्हणून मी जे पाहिलं ते सांगितलं, तो तिसरा फटकाही सांगितला. सासरची माणसं गाडी भरून पिंपरी पेंढारला आली. मुलगी नांदायला पाठवा, आम्ही म्हातारीवरची तक्रार मागं घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं. वडील डळमळले. ठाण्यात आक्काला हे कळलं तेव्हा ती गजाआडून अशी गरजली की हवालदार उठून उभा राहिला.

"तिला धाडायची न्हाई! मारलं मी, आत ऱ्हाईन मी. पोरीच्या जिवावर मला सोडवू नका."

मनीषा गेली नाही. वडिलांनी फुटलेलं दार काढून लोखंडी बसवलं.

आक्का सात आठवडे येरवड्याला होती. जामीन मी राहिलो. तुरुंगाच्या फाटकाबाहेर ती पिशवी घेऊन आली, थोडी वाकलेली. मी तिथंच, रस्त्यावर, तिला सांगून टाकलं. "आक्का, लोखंडी दार मी खोडलं होतं. अकरा हजारांसाठी."

तिनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्या थोबाडीत मारली. रिक्षावाले बघायला लागले. माझा चष्मा गटाराच्या कडेला जाऊन पडला.

"म्हाईत व्हतं मला," ती म्हणाली. "आवाजावरनं कळलं व्हतं. मी बी गप ऱ्हायले ना. माझी मला कोन मारनार?" तिनं चष्मा उचलला, पदरानं पुसून माझ्या नाकावर वाकडाच बसवला. "चल. भूक लागलीय."

त्यानंतर ठेकेदार तिला कामावर घेईनात. मी अंदाजाला नेत राहिलो, पण तिला दम लागायला लागला होता. तीस वर्षांचं सिमेंट छातीत बसलेलं. शेवटच्या वर्षी मनीषा तिला आपल्याकडं घेऊन गेली. दोघी कडाकडा भांडायच्या म्हणे, औषधावरून, मिठावरून. भाद्रपदात आक्का गेली. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

खटल्याची तारीख त्यानंतर महिन्यानं पडली. जुन्नरच्या कोर्टात मी साक्षीसाठी गेलो. शिपायानं दारात येऊन एक लांबलचक नाव पुकारलं. तीन वेळा. ते नाव आक्काचं आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. जामिनाच्या कागदावर एकदा पाहिलं असेल, पण नऊ वर्षांत मी ते कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मागच्या बाकावरून मनीषा उठली, आत गेली आणि मृत्यूचा दाखला टेबलावर ठेवला. आरोपी मयत, खटला बंद, एवढं लिहायला कारकुनाला दोन मिनिटं लागली.

आम्ही बाहेर आलो. कोर्टाबाहेरचा बोळ अरुंद होता आणि समोरून तिचा तो नवरा येत होता. आता त्यांचा काडीमोड झाला होता. त्याचा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, काखेत कुबडी होती. मी सवयीनं मनीषाला बाजूला घ्यायला हात पुढं केला. तिनं तो हळूच खाली केला आणि बोळाच्या मधोमध उभी राहिली.

तो थांबला. तिच्या तोंडाकडं त्यानं पाहिलं, मग जमिनीकडं. कुबडी आधी टेकवत, खांदा भिंतीला घासत, तो तिला वळसा घालून गेला.